शस्त्रक्रियेआधी रोहिणी बुजवावी का?

मूत्रपिंडाचा कर्करोग हाडात पसरला की हाड ठिसूळ होते, साध्या धक्क्यानेही मोडते. ते सळई घालून सांधताना मोठी भीती असते रक्तस्रावाची. या कर्करोगाच्या नेहमीच्या प्रकारात व्हीएचएल हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारख्या वागतात आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन सोडत राहतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी जांघेतील रोहिणीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेतात आणि सूक्ष्म कण सोडून गाठीच्या रोहिण्या बुजवतात. हेच एम्बोलायझेशन.

कल्पना पटण्याजोगी आहे. पुरावा मात्र तपासून घ्यायला हवा असे आम्हाला वाटते. बहुतेक अभ्यास रुग्णालयांतील जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत. एम्बोलायझेशन झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांच्या रक्तस्रावाची त्यांत तुलना असते. पण हे दोन गट मुळात सारखे असतात का? ज्या गाठीतून जास्त रक्त जाईल असे शल्यचिकित्सकाला वाटते, तोच रुग्ण एम्बोलायझेशनसाठी पाठवला जातो. मग दोन्ही गटांत रक्तस्राव सारखाच निघाला, तर उपाय निरुपयोगी ठरला, की त्यामुळेच अवघड रुग्ण इतरांच्या बरोबरीला आले? नोंदींवरून हे ठरवता येत नाही.

यावर मार्ग एकच : चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडणे. मणक्यात पसरलेल्या कर्करोगाच्या ४५ रुग्णांवरील अशी डॅनिश चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. सरासरी रक्तस्राव एम्बोलायझेशनच्या गटात ६१८, तर दुसऱ्या गटात ७३५ मिलिलिटर भरला. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मात्र या चाचणीत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग एकत्र होते. रक्तवाहिन्यांनी गजबजलेल्या गाठींपुरते पाहिले, तेव्हा रक्तस्राव कमी झालेला दिसला. तेव्हा ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेऊ नये. आणि इतक्या थोड्या रुग्णांवरून उपाय सर्वांना लागू आहे असेही म्हणू नये. शिवाय मणक्याजवळ चुकून मज्जारज्जूची रोहिणी बुजली, तर रुग्ण पांगळा होऊ शकतो.

शिक्षकांना हा पेच नवा नाही. जादा तासांना बसवलेल्या मुलांचे गुण वर्गाइतकेच आले, तर जादा तास वाया गेले का? उत्तर देण्याआधी, त्या तासांना कोणाला बसवले होते, हे आपण विचारतोच. औषधोपचारांच्या बातम्या वाचतानाही हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला शिकवावे.