न दिसणारं वाहणं: एव्हरग्लेड्सचे जुने फोटो पाहताना

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कचे जुने फोटो मी गेले काही महिने पाहतो आहे. फ्लोरिडा राज्याच्या अभिलेखागारानं आणि अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसनं असे हजारो फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. मी तिथे गेलेलो नाही. फोटोंना आपोआप लेबलं लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आणि नमुना म्हणून हा संग्रह उघडला होता. सॉफ्टवेअरनं बहुतेक फोटोंना तीनच लेबलं दिली: आकाश, गवत, पक्षी. आधी हसू आलं. मग वाटलं, फोटोग्राफरांनीही याहून फार वेगळं काय केलंय?

अडचण त्या जागेतच आहे. ओकीचोबी सरोवरापासून फ्लोरिडाच्या उपसागरापर्यंत सुमारे शंभर मैल पाणी पसरट, उथळ वाहतं. उतार मैलाला जेमतेम दोन इंच. करवतीसारख्या पात्यांच्या सॉग्रासमधून ते इतकं हळू सरकतं की काठावरच्या माणसाला ते साचलेलंच वाटावं. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी १९४७ साली आपल्या पुस्तकात याला गवताची नदी म्हटलं, तेव्हा कुठे लोकांना ही दलदल नसून नदी आहे हे उमगलं. शब्दांनी जे एका फटक्यात केलं, ते जमिनीवरून काढलेल्या फोटोंना आजवर जमलेलं नाही. खालची अर्धी चौकट गवताची, वरची ढगांची, मध्ये क्षितिजाची रेघ. वाहणं कुठेच नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचा दृश्यसंस्कार योसेमिटीच्या कड्यांवर आणि धबधब्यांवर घडला होता. त्या मापात एव्हरग्लेड्स बसत नव्हतं. डिसेंबर १९४७ मध्ये उद्यानाचं उद्घाटन करताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीही इथे उंच शिखरं नाहीत हे आधीच सांगून टाकलं. हे उद्यान देखाव्यासाठी नव्हे, मुख्यतः जीवसृष्टीसाठी राखलेलं होतं. मग कॅमेऱ्यानं सोपी वाट धरली. जागा दाखवता येत नाही, तर पक्षी दाखवा.

पक्ष्यांची बाजू खरी होती. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षीशास्त्रज्ञानं न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर फिरून बायकांच्या टोप्या मोजल्या, तेव्हा ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसं किंवा अख्खे पक्षी होते. बगळ्यांना विणीच्या दिवसांत फुटणारे तुरे सोन्याहून महाग विकले जात. त्यासाठी वसाहतीच्या वसाहती मारल्या गेल्या आणि पिल्लं घरट्यांत उपाशी मेली. पक्ष्यांचा रखवालदार गाय ब्रॅडली १९०५ मध्ये फ्लेमिंगोजवळ गोळी लागून मेला. घरट्यावरच्या जिवंत बगळ्याचा फोटो हा त्या काळात टोपीला दिलेला जवाबच होता. तो मला आजही सुंदर वाटतो.

पण पुढच्या दशकांतले असेच फोटो पाहताना माझ्यातला इंजिनियर अस्वस्थ होतो. फोटोग्राफर पक्षी असतील तिथेच जातो. ओस पडलेल्या वसाहतीपुढे तिकाटणं कोण मांडेल? त्यामुळे प्रत्येक दशकात फांद्या पांढऱ्या बगळ्यांनी लगडलेल्याच दिसतात. प्रत्यक्षात १९३० च्या दशकानंतर तिथल्या पाणपक्ष्यांची वीण नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली. एकेक फोटो खरा, आणि सगळे मिळून खोटे. आमच्या धंद्यात याला नमुन्याचा दोष म्हणतात. समीक्षेतही तो दोषच मानायला हवा.

याला अपवाद जॉन कुंकेल स्मॉल यांचा. हे न्यू यॉर्कच्या वनस्पती उद्यानातले शास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते वारंवार दक्षिण फ्लोरिडात जात राहिले. १९०६ पासून ड्रेजर कालवे खणत होते आणि दलदल आटवून शेतजमीन विकणं हे सरकारी धोरण होतं. स्मॉल यांच्या कित्येक फोटोंत रचना म्हणावी असं काही नाही: जळकी खोडं, कोरडी माती, मध्येच उभी एखादी मोटार. पण ते पुन्हा पुन्हा येतात आणि जे उरलंय तेही टिपतात. १९२९ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच नंदनवनापासून सहारापर्यंतचा प्रवास आहे. ओस जागेपुढे उभा राहिलेला कॅमेरा मला इथे सापडला.

उलट टोकाला क्लाइड बुचर. १९८६ मध्ये दारूच्या नशेतल्या वाहनचालकामुळे त्यांचा मुलगा गेला. त्यानंतर ते रंगीत काम सोडून मोठा कॅमेरा घेऊन कमरेभर पाण्यात उभे राहिले. त्यांचे भिंतीएवढे कृष्णधवल फोटो पाहून कित्येकांना ही दलदल प्रथमच जपण्यासारखी वाटली, हे ऋण मान्य. तरी त्यांच्या चौकटीतून रस्ता, कालवा, माणूस बहुधा गायब असतो. १९२८ मध्ये पुरा झालेला टॅमियामी ट्रेल हा रस्ता धरणासारखा आडवा पडून पाणी अडवतो. त्या फोटोंत मात्र जग जणू कालच निर्माण झालंय.

आणि माणसं होतीच. ज्युलियन डिमॉक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सेमिनोल लोकांचे काढलेले फोटो बघा. नजर थेट कॅमेऱ्याला भिडलेली. उद्यानाच्या छायाचित्रपरंपरेत ही माणसं कडेला सरकली. उद्यानाच्या हद्दीत राहणाऱ्या मिकोसुकींना तिथे कायम राहण्याचा हक्क कायद्यानं मिळायला १९९८ उजाडावं लागलं. निर्मनुष्य निसर्गाच्या फोटोला अशी किंमत असते, आणि ती फोटोग्राफर मोजत नाही.

शेवटी मला वाहणं दिसलं, ते १९४० च्या सुमारास विमानातून काढलेल्या सर्वेक्षणाच्या फोटोंत. कुणा कलावंताची सही नाही, पक्षी नाहीत. झाडांची बेटं वरून थेंबासारखी दिसतात, शेपट्या एकाच दिशेला. पाण्यानं शतकानुशतकं त्यांना तसं ओढून ठेवलंय. त्या शेपट्या म्हणजेच नदी.

२००० साली अमेरिकेनं एव्हरग्लेड्सला पाणी परत देण्याची प्रचंड योजना मंजूर केली, आणि २०१३ मध्ये टॅमियामी ट्रेलचा एक मैल उचलून पुलावर घेतला गेला. पूर्ववत करायचं, तर पूर्वी कसं होतं हे कुणाला विचारायचं? बगळ्यांच्या फोटोंना विचारलं, तर सगळं ठीकच होतं म्हणतील. या उद्यानाचं पुढचं छायाचित्र-प्रदर्शन कुणी मांडलं, तर दाराशी बगळा न लावता तो हवाई फोटो लावावा. त्याच्या शेजारी स्मॉल यांचं जळकं खोड. आणि त्याशेजारी डिमॉकचा एक चेहरा, नाव शोधून, नावासकट.

माझ्या सॉफ्टवेअरनं त्या हवाई फोटोला काय लेबल दिलं म्हणता? गवत.