अश्वशक्तीचा अर्धा हिशेब

विज्ञान दिनाच्या निमित्ताने हिंगोली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही व्याख्यानाला गेलो होतो. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची असल्यामुळे विषय अर्थातच गुरुत्वीय लहरींचा होता. व्याख्यान संपले, आभार झाले, चहा आला. आणि मग बारावीतला एक विद्यार्थी घडी घातलेला कागद घेऊन आमच्याजवळ आला. त्याच्या मामेभावाने छत्रपती संभाजीनगरात एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस विकत घेतली होती, आणि तिला मोठा टर्बो बसवून द्यायला एक गॅरेज तयार होते. कागदावर त्या गॅरेजने दिलेला आलेख होता. खालची निळी रेषा आजच्या गाडीची, वरची तांबडी रेषा नव्या टर्बोची. निळीचे शिखर १५० अश्वशक्तीवर, तांबडीचे २४० वर. “सर, हे खरं आहे का?” एवढाच त्याचा प्रश्न होता.

असे आलेख आजची मुले पाठ्यपुस्तकातल्या आलेखांपेक्षा अधिक मन लावून पाहतात. तेव्हा पाठ्यपुस्तकाची जशी चिकित्सा होते तशी त्यांचीही व्हायला हवी. आमचे मत आधीच सांगतो. त्या आलेखातला आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो हिशेबाची एकच बाजू दाखवतो. दुसरी बाजू मांडायला शालेय विज्ञान पुरेसे आहे.

टर्बो शक्ती देत नाही, हवा देतो

इंजिनाची शक्ती इंधनातून येते आणि इंधन जाळायला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. ऑक्टाव्हिया आरएसचे इंजिन १७८१ घनसेंटिमीटरचे. चार फटक्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा एवढी हवा आत येते. मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला ५० वेळा, म्हणजे सुमारे ८९ लिटर. वजनात ही हवा साधारण १०० ग्रॅम भरते. तिच्याबरोबर जळू शकणारे पेट्रोल ६.८ ग्रॅम. ग्रॅमला ४४ किलोज्यूल उष्णता धरली तर सेकंदाला सुमारे ३०० किलोज्यूल झाली. त्यातली ३० टक्के कामी आली असे मानले तर ९० किलोवॉट, म्हणजेच सुमारे १२० अश्वशक्ती. टर्बो नसता तर हे इंजिन साधारण एवढ्यावरच थांबले असते.

यापुढे जायचे तर त्याच सिलिंडरात जास्त हवा कोंबली पाहिजे. ही कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू सायलेन्सरकडे जाता जाता एक चक्र फिरवतात. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे ढकलते. दोन्ही चक्रे गोगलगायीच्या शंखासारख्या आवरणात बसवलेली असतात. एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेतला काही भाग असा परत मिळतो. ‘फुकटची शक्ती’ हा शब्दप्रयोग इथूनच रूढ झाला असावा, पण तो बरोबर नाही. जास्तीच्या हवेबरोबर जास्तीचे पेट्रोल जाळावे लागतेच, आणि बाहेर पडणाऱ्या वायूंच्या वाटेत चक्र आल्यामुळे इंजिनाला ते ढकलून बाहेर काढावे लागतात.

आलेखात काय नव्हते

त्या कागदावर तीन गोष्टी नव्हत्या. पहिली, शक्ती कोठे मोजली? इंजिनाच्या दांड्यावर की चाकांवर? गिअरबॉक्स आणि आसांच्या घर्षणात दहा-पंधरा टक्के शक्ती सहज जाते. एक रेषा एका ठिकाणची आणि दुसरी दुसऱ्या ठिकाणची असेल तर तुलनाच निरर्थक ठरते.

दुसरी, हवेचे तापमान आणि दाब किती होता? हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब पाच टक्क्यांनी कमी असतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की १५ अंशांच्या हवेपेक्षा घनता आणखी नऊ टक्क्यांनी घटते. दोन्ही मिळून साधारण तेरा टक्के हवा कमी. थंड खोलीत मोठा पंखा लावून काढलेला आकडा वसमतच्या रस्त्यावर दुपारी दोन वाजता तसाच मिळेल, असे मानायला आधार नाही.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. आलेखाचा आडवा अक्ष ३५०० फेऱ्यांपासून सुरू होत होता. त्याच्या डावीकडे काय घडते ते कागदाबाहेर राहिले होते. रोजच्या रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ त्या डाव्या भागातच चालते.

कारखान्याने काय केले

या प्रकरणात आपल्याला एक नामी ताळा मिळतो. स्कोडाने २००१ पासून शेंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑक्टाव्हिया जुळवायला सुरुवात केली, आणि २००४ मध्ये तिचा आरएस हा प्रकार भारतात आला. तिचे इंजिन फोक्सवॅगन समूहाचे. याच १७८१ घनसेंटिमीटर इंजिनाच्या निरनिराळ्या आवृत्त्या समूहाने निरनिराळ्या गाड्यांत वापरल्या. आरएसमध्ये १५० अश्वशक्ती, तर ऑडी टीटी या गाडीच्या एका प्रकारात २२५. म्हणजे मोठा टर्बो बसवण्याचा प्रयोग मूळ निर्मात्यांनी स्वतःच करून ठेवला आहे. त्यासाठी त्यांनी काय काय बदलले, ते पाहावे.

टर्बो तर बदललाच. के०३ या लहान टर्बोच्या जागी के०४ हा मोठा आला. पण त्याबरोबर संपीडनाचे गुणोत्तर ९.५ वरून सुमारे ९ वर आणले. हवा थंड करणारे इंटरकूलर एकाऐवजी दोन केले. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घातले. गिअरबॉक्स सहा गतींचा दिला आणि शक्ती दोन चाकांऐवजी चारही चाकांना वाटली.

यातला प्रत्येक बदल का करावा लागला, ते समजणे अवघड नाही. ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर आदर्श स्थितीतही ती सुमारे १०८ अंशांवर जाते. प्रत्यक्षातल्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १३८ अंशांवर. सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड तापते, तसेच हे. तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही हवा मिळते दीडपट. तीच इंटरकूलरमधून ६० अंशांपर्यंत निवली तर जवळजवळ १.९ पट. वर काढलेल्या १२० अश्वशक्तीला १.९ ने गुणून पाहा, उत्तर २२५ च्या आसपास येते. इंटरकूलर मोठा का केला, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

तापलेल्या हवेचा दुसरा धोका याहून मोठा. सिलिंडरात ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दट्ट्यावर हातोड्यासारखे ठोके बसतात. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. तापमान आणि दाब जितका जास्त तितका हा धोका जास्त. म्हणून संपीडन कमी केले. इंजेक्टर लहान राहिले तर हवा वाढते पण पेट्रोल अपुरे पडते, आणि असे मिश्रण अधिकच सहज ठोके देते. त्यात २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते. मात्र त्याच्या एका ग्रॅमला नऊ ग्रॅमच हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. जुन्या इंजेक्टरांवरचा भार त्यामुळे वाढतो.

आता गॅरेजने दिलेली यादी पाहू. तीत टर्बो होता, इंजिनाच्या संगणकातली नवी आज्ञावली होती आणि रुंद सायलेन्सर होता. इंटरकूलर, इंजेक्टर, क्लच, ब्रेक यांपैकी काहीही नव्हते. कारखान्याने २२५ साठी जेवढे केले त्याच्या निम्मेही न करता २४० चे आश्वासन होते. असा टर्बो एका दुपारी यंत्रावर २४० दाखवीलही. प्रश्न आहे तो किती दिवस आणि कोणत्या उन्हात, हा.

मोठे चाक उशिरा जागे होते

आलेखाच्या झाकलेल्या डाव्या भागाकडे आता येऊ. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. पाच सेंटिमीटर व्यासाचे चक्र दीड लाख फेऱ्यांनी फिरले तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३९० मीटर होतो. ध्वनीपेक्षाही जास्त. एवढ्या वेगाला पोचायला वेळ लागतो, आणि चक्र मोठे असेल तर तो अधिकच लागतो.

फिरत्या वस्तूचे जडत्व वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांवर ठरते. आकार तोच ठेवून व्यास वाढवला तर वस्तुमान व्यासाच्या घनाने वाढते. म्हणजे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास फक्त वीस टक्क्यांनी वाढवला तरी १.२ चा पाचवा घात सुमारे २.५ येतो. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी वाटते, ती या अडीचपटीमुळे.

निर्मात्यांचे आकडेही हेच सांगतात. १५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा महत्तम टॉर्क, म्हणजे दांड्याला पीळ देणारे बल, १७५० फेऱ्यांनाच मिळतो. २२५ वाल्या इंजिनाला त्यासाठी २२०० फेरे लागतात. एवढा खटाटोप करूनही कारखान्याला हे टाळता आले नाही. गॅरेजच्या मोठ्या टर्बोला ते टळेल कसे?

रस्त्यावर शक्ती किती लागते?

आम्ही त्या विद्यार्थ्याला फळ्याजवळ नेले आणि एक गणित घातले. १४०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने सपाट रस्त्यावर चालली आहे. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांना पुरून उरायला किती शक्ती हवी? त्याने आकडेमोड केली. दोन्हींना सुमारे चार-चार किलोवॉट, एकूण आठ. म्हणजे अवघी अकरा अश्वशक्ती. त्याने दोनदा ताळा करून पाहिला आणि मग विचारले, “मग १५० तरी कशाला पाहिजेत?”

प्रश्न उत्तम होता, आणि त्याचे उत्तर टर्बोच्या बाजूचेही आहे. हळदीची पोती भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर पुढे चालला आहे. त्याला ओलांडताना गाडी ताशी ६० वरून ९० वर न्यायची तर तिच्या गतिज ऊर्जेत सुमारे २४३ किलोज्यूलची भर घालावी लागते. सहा सेकंदांत घालायची तर ४० किलोवॉट, म्हणजे ५५ अश्वशक्ती. शक्तीचा खरा उपयोग इथे आहे, आणि ती पाय दाबताक्षणी हवी आहे. समोरून एसटी येत असताना टर्बो जागा होण्याची वाट पाहणे परवडत नाही. लहान टर्बोचे मोल तेव्हा कळते. नेमक्या त्याच प्रसंगी मोठा टर्बो उशीर करतो आणि मग एकदम सगळे बल चाकांवर सोडतो.

दुसरी बाजू थांबण्याची. वेग ८० वरून १२० झाला तर गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासूनचे अंतर सुमारे ३६ मीटरवरून ८१ मीटर होते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी २२ किंवा ३३ मीटर जातात, ते वेगळे. टर्बो बदलल्याने यातला एक मीटरही कमी होत नाही. रात्री, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीमागे हा फरक कोणाच्या तरी जिवाचा असतो.

कायद्याचीही नोंद घ्यावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

वर्गासाठी

मोटारींचे वेड वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या कागदाने आमच्या व्याख्यानापेक्षा जास्त भौतिकशास्त्र फळ्यावर आणले, हे मान्य केले पाहिजे. मामेभावाचे पैसे आणि जीव त्या आलेखावर अवलंबून होते, म्हणून मुलगा पाचव्या घातापर्यंत न कंटाळता आला. शिक्षकांनी असे आलेख वर्गात जरूर आणावेत आणि चार प्रश्न विचारावेत: मोजले कोठे? कोणत्या हवेत? अक्ष कोठून सुरू होतो? आणि या आकड्यासाठी दुसरे काय काय बदलले?

त्या विद्यार्थ्याने हे चार प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून घेतले आणि ते मामेभावाला पाठवतो म्हणाला. गॅरेजकडून पहिल्या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाल्याशिवाय आणि चौथ्याच्या उत्तरात निदान इंटरकूलर, इंजेक्टर व ब्रेक आल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे आम्ही त्याला सांगितले. आणि एवढे सगळे मिळाले तरी कलम ५२ उरतेच, हेही.