ल सुधारला, नाव गेलं

मी डोंबिवलीहून ठाण्याला कामाला जातो आणि सॉफ्टवेअर लिहितो. फॉन्ट 'मुक्त' आहे म्हटलं की आपण तो 'फुकट' समजून मोकळे होतो. सोबतचा परवाना कुणी वाचत नाही. 'ओपन फॉन्ट लायसन्स' (आवृत्ती १.१, २००७) मात्र वाचण्याजोगा आहे.

रेड हॅटचा लोहित आधी जीपीएलखाली होता. जीपीएल लिहिला गेला प्रोग्रॅमसाठी. त्यामुळे फॉन्ट पीडीएफमध्ये बसवला, तर त्या मजकुरालाही तोच परवाना लागू होतो का, ही शंका राहायची. २०११ मध्ये लोहित ओएफएलखाली आला. ओएफएल निःसंदिग्ध आहे: दस्तऐवज तुमचा. फॉन्ट कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत द्या, विका. नुसता फॉन्ट विकू नका, परवान्याची प्रत सोबत ठेवा.

माझा आक्षेप राखीव नावाच्या कलमाला आहे. कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल, तर त्याच्या लेखी परवानगीशिवाय बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही. अक्षरकाराची पत जपण्यासाठी हे रास्तच. पण २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी मान्य केले. एखाद्या फॉन्टमध्ये ते मी बसवले, तरी संगणक फॉन्ट शोधतो नावाने. जुन्या फाइली जुनंच नाव मागतात, आणि सुधारलेला ल बाहेरच राहतो.

यावर एक वाट: दुरुस्ती मूळ कर्त्याकडे पाठवायची. परवान्याने अक्षर बदलायचा हक्क दिला. ते मराठीत रुळवायचं काम आपलं.