वेगळी चूल, एकच घर

‘स्मृतिचित्रे’ हे विनोदी पुस्तक आहे, असं आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा भेटलेला असतो. त्यात विसरभोळे टिळक असतात, त्यांच्या उचापती निस्तरणाऱ्या लक्ष्मीबाई असतात, आणि आपण हसून पुढचा धडा उघडतो. विनोद खराच आहे. पण सगळं पुस्तक वाचलं की कळतं, हा विनोद एका फार मोठ्या दुराव्याच्या मधोमध उभा आहे. धर्मावरून एक घर दुभंगलं आणि काही वर्षांनी ते पुन्हा एक झालं. हे कसं घडलं, याचा इतका बारीक हिशेब मला मराठीत दुसरीकडे मिळालेला नाही. म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ शांततेविषयीचं पुस्तक म्हणून वाचतो. आज ते तसं वाचायची गरज आहे, असंही मला वाटतं.

‘शांतता’ या शब्दाची आमच्याकडची अवस्था आधी सांगतो. मी आंबेगाव तालुक्यातला, शेजारी जुन्नर. गणपती आणि ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. दोन्हीकडची मोठी माणसं खुर्च्यांवर बसतात, मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरते, चहा होतो. हे गरजेचं आहे, त्याची टिंगल करायची नाही. पण तिथे शांतता राखली जाते. राखणं म्हणजे जे आहे ते बिघडू न देणं. बायबलमधल्या डोंगरावरच्या प्रवचनात येशू ज्यांना धन्य म्हणतो, ते शांतता करणारे लोक आहेत. करायची म्हणजे ती आधी नसते. कुणीतरी हात घालून, झळ सोसून ती घडवावी लागते. राखणं आणि करणं यांतला फरक मला ‘स्मृतिचित्रे’नं शिकवला.

गोष्ट थोडक्यात अशी. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या मनू गोखलेचं लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. माहेरी वडिलांचं सोवळं टोकाचं. नवरा कवी, बुद्धिमान, संतापी, न सांगता घरातून निघून जाणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ एकच होता: नवरा जिवंत असून संसार संपला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. मग पत्रं, भेटी, रडणं, भांडणं, आणि हळूहळू पुन्हा जवळ येणं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

धर्मप्रचाराच्या पुस्तकांत अशा गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला असतो. अंधार होता, उजेड आला. लक्ष्मीबाई तसं लिहीत नाहीत, इथेच त्या मोठ्या लेखिका ठरतात. १८९५ आणि १९०० यांच्या मधली वर्षं त्या गाळत नाहीत. किंबहुना त्यांचं सगळं लक्ष त्या मधल्या वर्षांवरच आहे. नवऱ्याकडे यायचं, पण धर्म सोडायचा नाही. एकत्र राहायचं, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. ख्रिस्ती वस्तीच्या मधोमध एक बाई आपलं सोवळं सांभाळते आहे आणि भोवतालची माणसं तिच्या भांड्यांना हात लागणार नाही याची काळजी घेत आहेत. वाचताना हसू येतं. पण नीट पाहिलं तर एवढ्या बिकट प्रसंगात दोघांनी काढलेली ती व्यवहारी तोड आहे. टिळक तिचं सोवळं जबरदस्तीनं मोडत नाहीत, आणि ती त्यांना सोडून देत नाही. वाद मिटलेला नाही, पण दार लागलेलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात जुनी सिस्टिम काढून नवी आणायची असेल तर एका रात्रीत बदल करत नाहीत. काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालवतात. त्यात खर्च दुप्पट होतो, चिडचिड होते, पण माणसांचं काम थांबत नाही. एक धोका मात्र असतो. जुनी कधी बंद करायची हे मनात नसेल, तर तात्पुरती सोय कायमची होऊन बसते. वेगळ्या चुलीचंही तसंच आहे. ती पूल होऊ शकते आणि भिंतही होऊ शकते. लक्ष्मीबाईंच्या घरात ती पूल झाली, याचं कारण त्यांच्या मनात विचार चालू राहिला. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आपल्या साध्या तर्कानं सोडवला, आणि एकदा उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागल्या. कुणाच्या प्रवचनानं त्यांचं सोवळं सुटलं नाही. ते सुटायला वेळ आणि जागा मिळाली म्हणून ते सुटलं.

हे वाचताना मला आमचंच घर आठवत राहतं. माझ्या आतेभावानं ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. फक्त दोन वर्षं गावच्या यात्रेचं आवतण त्यांना गेलं नाही, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली कुणी काही लिहीत नाही. आमच्याकडे यालाच शांतता म्हणतात. आत्या मात्र पुण्याला त्यांच्याकडे जाते. जाताना स्वतःची भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून नेते. सून ताट तिच्या शेजारीच मांडते आणि दोघी बरोबर जेवतात. माझ्या वयाच्या भावंडांना हा सुनेचा अपमान वाटतो. तो आहेही. पण सगळ्या घरातून त्या फ्लॅटची पायरी चढणारी एकटी आत्याच आहे, आणि पुरोगामी मतं असलेले आम्ही अजून यात्रेचा विषय काढलेला नाही. आत्याच्या भाकरीला काय म्हणायचं, याला ‘स्मृतिचित्रे’ वाचण्याआधी माझ्याकडे शब्द नव्हता.

तरीही पुस्तकाकडून सगळं मान्य करून घेण्याची गरज नाही. माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला, या घरातल्या शांततेचा खर्च सारखा वाटला गेलेला नाही. निर्णय टिळकांचा आणि किंमत लक्ष्मीबाईंची. बदनामी त्यांची, मुलासह परक्या आश्रयाला राहणं त्यांचं, परत येणंही त्यांचंच. टिळकांनी वाट पाहिली, हे खरं आणि त्या काळात मोठंही. पण वाट पाहणारा माणूस मोकळा असतो, आणि जिची वाट पाहिली जाते तिला सगळं सोडून यायचं असतं. लक्ष्मीबाई हे सरळ तक्रार करून सांगत नाहीत, विनोद करून सांगतात. त्यामुळे आपण टिळकांच्या विक्षिप्तपणावर हसतो आणि हिशेब विसरतो. त्यांचा विनोद हा क्षमा करण्याचा एक मार्ग आहे, हे मला पटतं. पण क्षमा केली म्हणजे नोंद पुसली असं होत नाही. लक्ष्मीबाईंनी नोंद ठेवली आहे, ती वाचणं आपलं काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्यांच्या हातचं पाणी लक्ष्मीबाई त्या वर्षांत पीत नव्हत्या, त्यांना ती वर्षं कशी वाटली असतील? अहमदनगर जिल्ह्यातले बरेचसे ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले होते. ज्या शिवाशिवीतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी धर्म बदलला, तीच शिवाशिव एका शिकलेल्या ख्रिस्ती माणसाच्या घरात सांभाळायला मदत करायची, हे सोपं नसणार. पुस्तकात ही माणसं येतात, मायेनंही येतात, पण त्यांचं मन आपल्याला त्यांच्या तोंडून कळत नाही. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागलं. त्याआधी सात वर्षं, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायली होती. तिथे सवर्णांच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबायचं कुणी मान्य केलं नव्हतं. घरातली शांतता आणि समाजातली शांतता यांत हा फरक आहे. नवरा-बायकोंनी एकमेकांसाठी थांबणं हे प्रेम असू शकतं. एका समाजानं दुसऱ्याचं मन बदलेपर्यंत तहानलेलं थांबावं, याला प्रेम म्हणता येत नाही.

संस्थेच्या पातळीवर वेगळ्या चुलीचं काय होतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनातल्या विधवांना आपले आचार पाळायची मुभा होती. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा आरोप झाला, गदारोळ उठला, सल्लागार मंडळातले सुधारक बाजूला झाले, बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेलं. पुढे रमाबाई केडगावला गेल्या आणि त्यांचं काम उघडपणे ख्रिस्ती झालं. दोन्ही बाजूंच्या मनात एकमेकांच्या हेतूविषयी शंका असेल तर कितीही सोयी केल्या तरी पूल टिकत नाही. टिळकांच्या घरात विश्वास आधीच होता, म्हणून सोय चालली.

टिळकांना पुढे हे उमगलं असावं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी मराठी चर्चमध्ये आणलं. १९१७मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार वाढला नाही. पण कल्पना पाहा: आत यायला आधी घर सोडावं लागणार नाही. ज्यानं एकदा बायकोला न विचारता घर सोडलं, त्याच माणसाला उतारवयात हे सुचलं.

तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आमच्या शेजारच्या ओतूरला आहे, असं मानलं जातं. म्हणजे टिळकांच्या पुलाचं एक टोक जुन्नर तालुक्यात टेकलेलं आहे. पण जुन्नरकडे त्याहून जुना पुरावा आहे. गावाभोवतीच्या बौद्ध लेण्यांत यवनांनी, म्हणजे परदेशातून आलेल्या लोकांनी, दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. परकी माणसं इथे आली तेव्हा त्यांनी दिलेल्या गोष्टींत पिण्याचं पाणी होतं आणि एकत्र बसून जेवायची जागा होती. पुढच्या शतकांत आपण नेमकं याच दोन गोष्टींवरून एकमेकांना दूर ठेवलं.

आणि हा विषय जुना झालेला नाही. १० ते १२ जानेवारी २०२०ला उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’चे संपादक, बायबलचे अनुवादक, ‘हरित वसई’च्या चळवळीत सगळ्या धर्मांच्या माणसांबरोबर रस्त्यावर उतरलेले. तरी ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. आजारी असूनही ते आले, आणि संमेलन झालं. मराठी साहित्यात टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई शंभरहून अधिक वर्षं घरचे आहेत. तरी २०२०मध्येही ख्रिस्ती मराठी माणसाला घरात यायला परवानगी लागते, असं काहींना वाटलं.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ उघडाल तेव्हा १८९५ ते १९०० ही पानं सावकाश वाचा. हसायला येईल तिथे हसा, आणि मग पाहा: आत्ता कोण थांबलं आहे, कुणासाठी, आणि किती दिवस. माझ्या मते शांतता खरी आहे की नुसती राखलेली आहे, हे ओळखायला एवढे तीन प्रश्न पुरतात. लक्ष्मीबाईंच्या घरात तिन्हींना उत्तरं मिळाली. आपल्या वाड्या-वस्त्यांमधल्या पाण्याबद्दल, सोयरिकींबद्दल आणि यात्रेच्या आवतणांबद्दल ती अजून मिळायची आहेत.