शासनाश्रय आणि कलावंत : महाराष्ट्रातील अनुदान व पुरस्कार व्यवहाराची एक चिकित्सा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात राजाश्रय आणि लोकाश्रय या दोन संज्ञा नित्य वापरल्या जातात. तंजावरच्या भोसले राजांनी नाट्यरचना केली व करविली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी ‘श्रीसयाजी साहित्यमाले’सारख्या उपक्रमांना द्रव्यबळ पुरविले. तमाशाचे फड मात्र बहुतांशी प्रेक्षकांच्या तिकिटावर आणि गावजत्रेच्या सुपारीवर जगले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर या दोहोंहून भिन्न अशी तिसरी व्यवस्था रूढ झाली. तिला शासनाश्रय म्हणता येईल. तिच्यात द्रव्य करदात्यांचे असते, पारख तज्ज्ञांनी करावी अशी अपेक्षा असते आणि आदेशावर स्वाक्षरी शासनाची असते. या तीन घटकांचे परस्परसंबंध कधी नीट ठरविले गेले नाहीत. महाराष्ट्रातील कलाविषयक शासकीय व्यवहारातील बहुतेक पेच या अनिश्चिततेतून निर्माण झालेले दिसतात.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे पहिले अध्यक्ष लाभल्यामुळे मंडळाच्या कार्याला आरंभापासून ज्ञाननिर्मितीची दिशा मिळाली. मराठी विश्वकोशाचा प्रकल्प मंडळाकडेच सुरू झाला. पुढे १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ निर्माण करण्यात आले. दुर्मीळ ग्रंथांचे पुनर्मुद्रण, भाषांतरे आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान ही मंडळाची कामे बाजारपेठेला न परवडणारी होती. ज्या नवोदिताला प्रकाशक दारात उभा करीत नाही त्याचे हस्तलिखित तज्ज्ञाने वाचावे आणि त्यातून पुस्तक व्हावे, ही घटना ग्रामीण भागातील लेखकाच्या दृष्टीने लहान नव्हे.

येथे अनुदान आणि मान्यता यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे ठरते. अनुदान हे निर्मितीपूर्वी किंवा गरजेच्या प्रसंगी दिले जाते. त्याचा निकष शक्यता अथवा निकड हा असतो. पुरस्कार निर्मितीनंतर मिळतो. त्याचा निकष गुणवत्ता. शासकीय व्यवहारात या दोहोंची सरमिसळ कशी होते हे वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेवरून स्पष्ट होते. १९५४-५५ पासून चालत आलेल्या या योजनेचा हेतू उतारवयात विपन्नावस्थेत सापडलेल्या कलावंतांना आधार देणे हा होता. तथापि, तिच्यात कलावंतांची राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी करण्यात आली आणि प्रतीनुसार मासिक रक्कम अनुक्रमे ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये अशी भिन्न राहिली. भूक तर प्रतवारीनुसार लागत नाही. उपजीविकेच्या साहाय्यात गुणवत्तेची उतरंड मिसळल्याने साहाय्यही अपुरे राहिले आणि मान्यताही ओशाळवाणी झाली. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देऊन सर्वांसाठी ५,००० रुपये अशी एकच रक्कम ठरविण्यात आली. ही दुरुस्ती उशिराची असली तरी तत्त्वतः योग्य आहे.

पुराव्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. लेखकाजवळ पुस्तक असते, चित्रकाराजवळ प्रदर्शनाची पत्रिका असते. फडात ढोलकी वाजविणाऱ्याचे किंवा वाघ्या-मुरळीच्या जागरणात उभा जन्म घालविणाऱ्या स्त्रीचे नाव कोणत्या कागदावर सापडणार? फलकावर नाव असते ते फडमालकाचे. कागदाची मागणी करणारी व्यवस्था लिखित परंपरेतील कलावंताला सहज ओळखते. मौखिक परंपरेतील कलावंताला ओळखण्याची साधने तिने अद्याप पुरेशी घडविलेली नाहीत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला होता. तरीही २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा रुग्णालयाचे देयक देणगीदारांच्या मदतीतून भागवावे लागले. पुढे राज्य शासनाने त्यांच्याच नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. मान्यता आणि आधार या दोन वाटा एकमेकींना न भेटताही चालू राहतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागत नाही.

मान्यतेच्या बाजूचा पेच अधिक गंभीर आहे. विनय हर्डीकर यांच्या आणीबाणीविषयक ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार १९८१ मध्ये रद्द झाला. चार दशकांनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला एक लाख रुपयांचा पुरस्कार आठवडाभरात रद्द करण्यात आला. शासन निर्णयात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच कारण नमूद होते आणि त्याबरोबर निवड समितीही बरखास्त झाली. प्रज्ञा दया पवार, नीरजा आणि हेरंब कुलकर्णी यांनी मंडळाचे सदस्यत्व सोडले. लक्ष्मीकांत देशमुख यांनी भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. शरद बाविस्कर व आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले. १९८१ आणि २०२२ मधील सत्ताधारी पक्ष परस्परविरोधी होते. तेव्हा दोष एखाद्या पक्षाच्या स्वभावात नसून व्यवस्थेच्या रचनेत शोधला पाहिजे.

हिंसेचे उदात्तीकरण करणाऱ्या विचाराला सार्वजनिक निधीतून गौरव मिळू नये, अशी भूमिका शासनाच्या वतीने मांडली गेली. शासन विधिमंडळाला उत्तरदायी असते, हा त्यामागील मुद्दा सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु त्या पुस्तकावर बंदी नव्हती, ते विक्रीत होते आणि पुरस्कार विचाराला नसून अनुवादाला होता. उत्तरदायित्व निकष ठरविण्यापुरते आणि हिशेब तपासण्यापुरते मर्यादित असावयास हवे. निर्णय झाल्यावर तो उलटविण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवला, की परीक्षकाचे काम केवळ शिफारशीचे उरते. ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली तेव्हा शासनाने निधी द्यावा, पण कलाविषयक निवडीपासून हातभर दूर राहावे, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते. तेथेही ते सदैव पाळले गेले असे नाही. परंतु तत्त्व मान्य असले म्हणजे त्याचा भंग भंग म्हणून ओळखता येतो.

महाराष्ट्रात यासाठी फार मोठी उलथापालथ आवश्यक नाही. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील आणि तो बदलावयाचा झाल्यास कारणे लेखी द्यावी लागतील, अशी तरतूद मंडळाच्या घटनेत असली तरी पुरे. राजाश्रयात दाता स्वतःच्या खजिन्यातून देत असे, म्हणून त्याची मर्जी राखणे ओघाने येई. लोकशाहीत खजिना लोकांचा आहे आणि शासन त्याचे केवळ विश्वस्त आहे. हे भान राहिले, तर पुरस्कार स्वीकारताना लेखकाला संकोच वाटणार नाही आणि मानधनासाठी अर्ज करताना वृद्ध शाहिराला हात पसरल्यासारखे वाटणार नाही.