सोल्डरला हात लावलेला नाही

मला एक छोटा अ‍ॅम्प घ्यायचा होता. फेंडर कंपनीचा चॅम्प, सत्तरच्या दशकातला, आठ इंची एकच स्पीकर, जेमतेम सहा वॅट. अपार्टमेंटमधले शेजारी तक्रार करणार नाहीत इतपत आवाज. त्यासाठी आठशे डॉलर बाजूला काढले आणि एका शनिवारी सकाळी तासभर गाडी चालवून डॅलसजवळ भरलेल्या एका व्हिंटेज गिटार शोला गेलो.

टेक्ससला अशा मेळ्यांची जुनी सवय आहे. डॅलसचा सगळ्यात मोठा मेळा १९७८ पासून भरतो. मी गेलो तो त्याच्यापुढे चिल्लर होता, पण साचा तोच असावा. गोदामासारखा हॉल, ओळीने लावलेली टेबलं, त्यांवर उघडून ठेवलेल्या केसेस, आत मखमल, मखमलीवर गिटार, आणि तारांमध्ये खोचलेली किमतीची चिठ्ठी. टेबलांच्या मागे साठी-सत्तरीचे गृहस्थ. टेबलांच्या पुढेही बहुतेक तेच. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझ्या वयाचे त्याहून थोडे जास्त, आणि त्यातले निम्मे कुणाचे तरी नातू.

आणि गोंगाट. म्हणजे किती, तर वीस-पंचवीस जण वीस-पंचवीस अ‍ॅम्पवर एकाच वेळी त्याच तीन-चार ब्लूजच्या ओळी वाजवत होते आणि कुणालाच स्वतःचं ऐकू येत नव्हतं. पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की इथे कुणी ऐकायला आलेलंच नाही. आवाजाच्या वस्तूंचा बाजार, पण सगळी परीक्षा डोळ्यांनी. लोक खिशातून टॉर्च काढत होते. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा काढून गिटारच्या पोटात बघत होते. एकाने अल्ट्राव्हायोलेट दिवा आणला होता. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या उजेडात हिरवट पिवळं चमकतं, आणि नंतर कुणी रंगाचा हात फिरवला असेल तर तेवढा तुकडा वेगळा दिसतो.

हा खेळ मला आवडला, हे कबूल करतो. मी लॉग वाचून पोट भरणारा माणूस. गिटारच्या आतल्या व्हॉल्यूमच्या पॉटवर आकडे छापलेले असतात. १३७६६१२ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे त्या वर्षातला बारावा आठवडा. अर्थात हा पॉटचा जन्म, गिटारचा नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये हे पॉट इतके घेऊन ठेवले होते की पुढची काही वर्षं ते वापरले गेले. म्हणजे आकडा एवढंच सांगतो, की ही गिटार याच्या आधीची नाही. स्पीकरवर असाच आकडा, ट्रान्सफॉर्मरवर असाच आकडा. सगळे जुळले की विक्रेता टेबलावर थोडा पुढे वाकतो आणि या बाजारातलं सगळ्यात महाग वाक्य बोलतो. सोल्डरला हात लावलेला नाही.

म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कारखान्यात ज्या हाताने डाग दिला, त्यानंतर दुसरा हात तिथे पोचलेला नाही. हे वाक्य किती किमतीचं? ढोबळ नियम असा, की गिटार पुन्हा रंगवली असेल तर भाव निम्म्यावर येतो. पिकअप बदलला तर आणखी घसरतो.

या बाजाराचं शिखर म्हणजे गिब्सन कंपनीची १९५८ ते १९६० मधली लेस पॉल स्टँडर्ड. मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या कारखान्यात त्या साधारण दीड हजार बनल्या. तेव्हाची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. खप इतका मंद, की कंपनीने ते मॉडेल बंद करून वेगळ्या आकाराची गिटार आणली. आज त्यातल्या चांगल्या गिटारची किंमत लाखो डॉलरमध्ये असते. तिच्यातल्या ज्या पिकअपवर लोक जीव टाकतात ते एकसारखे नव्हतेच. तारेचे वेढे मोजून थांबण्याची सोय नव्हती, बॉबिन भरलं की थांबायचं. चुंबकही हाताला लागेल तो. माझ्या भाषेत सांगायचं तर क्वालिटी कंट्रोलमधला बग. पुढे तोच बग पवित्र ठरला. रंगाचंही तसंच. लाल रंग उन्हाने उडाला आणि ज्या गिटार फिकट पिवळ्या पडल्या त्यांना खास नाव मिळालं. म्हणजे उन्हाने केलेला बदल चालतो. माणसाने केलेला चालत नाही.

इथे मी जरा अडखळलो.

मी सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि या सात वर्षांत एकही सिस्टिम पहिल्या ओळीपासून लिहिलेली नाही. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेलं चालू ठेवणं. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे, ती प्रत्येक ओळीपुढे शेवटचा हात कुणाचा ते दाखवते. आमच्या एका जुन्या मॉड्यूलवर ती चालवली तर अकरा नावं येतात. मूळ लेखकाच्या ओळी पाचेक टक्केही उरलेल्या नाहीत, आणि म्हणूनच ते अजून चालतं. हा बाजार ती कमांड उलटी वापरतो. पहिलं नाव सोडून दुसरं नाव दिसलं की भाव पाडा.

आणि पहिल्या नावाचं केवढं कौतुक! फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या अ‍ॅम्पच्या चेसिसमध्ये कधीकधी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवलेला सापडतो. ज्या बाईने ते वायरिंग केलं तिचं नाव त्यावर लिहिलेलं असतं. लिली, लुपे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या त्या कारखान्यात मेक्सिकन वंशाच्या कितीतरी बायका होत्या. त्यांच्यातल्या अ‍ॅबिगेल इबारा १९५६ पासून तिथे पिकअप गुंडाळायच्या, आज त्यांचं नाव जगभरच्या गिटारवाल्यांना माहीत आहे. ही फार छान गोष्ट आहे. पण त्याच चेसिसमध्ये वीस वर्षांनी एखाद्या गावातल्या मेकॅनिकने पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख लिहिली असेल, तर तो दोष. दोघांच्या हातात सोल्डरिंग आयर्नच होतं.

बाजाराची बाजू मला दिसत नाही असं नाही. लेस पॉलच्या बनावट गिटार खूप फिरतात आणि सोल्डरचा डाग हा पुरावा असतो. सगळ्याच गिटारींचं सगळंच बदललं असतं तर ते पिकअप मुळात कसे वाजायचे हे आज कुणालाच कळलं नसतं. संग्रहालयासाठी हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण या हॉलमधली चिठ्ठी संग्रहालयाची नसते. ती म्हणते की न बदललेलं वाद्य हे जास्त चांगलं वाद्य आहे. आणि हे खरं नाही, हे सांगणारे पुरावे याच बाजाराने सगळ्यात महाग विकत घेतले आहेत.

डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. लिलावात गिटारला मिळालेली ती तोवरची सगळ्यात मोठी किंमत. आणि त्या गिटारचा दांडा कितीदा बदलला, पिकअप कितीदा बदलले, कुठे भोक पाडलं, कुठे बुजवलं, याची यादीच मोठी आहे. हीच गिटार एखाद्या अनाम माणसाची असती तर या हॉलमध्ये शेवटच्या टेबलाखाली पडली असती. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलची गोष्ट तर त्याहून बोलकी. तिच्या दांड्याकडच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसलेला आहे. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो. त्या आवाजासाठी ती गिटार ओळखली जाते. पुढे ती गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. चुंबक 'बरोबर' बसवून ती दुरुस्त करायला कुणी धजावणार नाही.

तेव्हा बदलाला विरोध नाही. बदलणारा प्रसिद्ध हवा. बाकी हा बाजार सरळ सरंजामी आहे.

याची गंमतशीर बाजूही त्याच हॉलमध्ये होती. एका टेबलावर नव्याकोऱ्या, पण मुद्दाम झिजवलेल्या गिटार. कोपराच्या जागी रंग उडालेला, धातूला गंज चढवलेला. फेंडरने १९९५ पासून हा माल 'रेलिक' नावाने अधिकृतपणे विकायला काढला. वापर चालतो, फक्त तो कारखान्यातूनच झालेला हवा!

आणखी एक चिठ्ठी डोक्यात राहिली. मार्टिन कंपनीच्या दोन अकूस्टिक गिटार शेजारी शेजारी होत्या. एक ब्राझिलियन रोझवुडची, दुसरी थोडी नंतरची, 'इंडियन रोझवुड'ची. ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा, १९६९ च्या सुमारास, मार्टिन आपल्याकडच्या लाकडाकडे वळली. १९९२ पासून ब्राझिलियन रोझवुड आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यात कडक यादीत आहे. परवान्याशिवाय ती गिटार देशाबाहेर नेता येत नाही. इथे 'इंडियन' या शब्दाचा अर्थ 'उशिराची आणि स्वस्त' एवढाच. इंडियन रोझवुड म्हणजे आपलं शिसवी. आमच्या घरात पणजोबांचं शिसवी कपाट आहे, त्यावर कुणी ओला पेला ठेवला तर आजी आजही ओरडते. मी त्या गिटारच्या पाठीवरून हात फिरवला. विक्रेत्याला वाटलं मला घ्यायची आहे.

अ‍ॅम्प हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि इथे तो सोल्डरचा धर्म अडचणीत येतो. गिटारला तुम्ही साठ वर्षं हात लावला नाहीत तर ती फारतर बेसूर होईल. ट्यूबच्या अ‍ॅम्पचं तसं नाही. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असतं आणि ते वर्षांनुवर्षं सुकत जातं. आधी गुणगुण वाढते. मग एक दिवस तो फुटतो, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. त्यात जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना दोन पिनांची वायर, अर्थिंग नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये मेन्स आणि चेसिसच्या मध्ये एक कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर चेसिसमध्ये, तिथून गिटारच्या तारांत आणि तुमच्या बोटांत करंट. टेक्निशियन लोक त्याला 'डेथ कॅप' म्हणतात आणि ते विनोदाने म्हणत नाहीत.

एका टेबलावर पन्नासच्या दशकातला चॅम्प होता, ट्वीडचं कापड चढवलेला. माझ्या बजेटच्या दुपटीहून महाग. आत टेपवर नाव. वायर मूळची, कपॅसिटर मूळचे. मी विचारलं, ऐकायला मिळेल का? तो गृहस्थ सौजन्याने हसला. "नाही, नाही, चालू नका करू. कपॅसिटर जुने आहेत."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. हा अ‍ॅम्प महाग होता कारण तो उघडलेला नव्हता, आणि उघडलेला नव्हता म्हणून चालू करता येत नव्हता.

दोन टेबलं सोडून माझा चॅम्प होता. १९७४ चा, चंदेरी पट्टीवाला. आतल्या ट्यूब तीनच. विक्रेत्याने तो मागे सरकवून ठेवला होता आणि दाखवताना माफी मागितल्यासारखं बोलत होता. स्पीकर बदललेला. कपॅसिटर बदललेले, तेही दोनदा. हँडलला एक झिपलॉकची पिशवी बांधली होती आणि तिच्यात मूळचे, मेलेले कपॅसिटर. ही इथली पद्धत आहे. काढलेले भाग फेकायचे नाहीत, गिऱ्हाइकाला पुराव्यादाखल द्यायचे. मला ती पिशवी अस्थिकलशासारखी वाटली. मागचं पॅनेल काढल्यावर लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. १९८९, फिल्टर कॅप. २००७, स्पीकर. २०१६, पुन्हा कॅप. तीन वेगवेगळी अक्षरं, शेवटची सही वाचता न येणारी. किंमत साडेसहाशे.

मिरजेहून आणलेला एक तंबोरा माझ्या आत्याकडे आहे, तिच्या गुरूंकडून तिला मिळालेला. दर काही वर्षांनी ती त्याची जवारी काढून घेते. घोडीचा पृष्ठभाग किंचित किंचित घासायचा, तार त्यावर योग्य तशी टेकेपर्यंत. ती टेकली की मगच तो झणकारणारा आवाज येतो. वाजून वाजून घोडीत खाचा पडतात आणि आवाज बसतो, मग पुन्हा घासायचं. मूळची जवारी आहे का, हा प्रश्न कुणी तिला विचारला तर तिला तो कळणारच नाही. तिथे लोक विचारतात, जवारी कुणी काढली? आणि ते नाव ती अभिमानाने सांगते. तंबोरा विकायचा नाही म्हणून ही चैन परवडते, असं कुणी म्हणेल. असेलही.

मी साडेसहाशे मोजले. घासाघीस केली नाही, याबद्दल नंतर मित्राने मूर्खात काढलं. विक्रेत्याने अ‍ॅम्प एका एक्स्टेंशन बोर्डावर लावून दाखवला, पण त्या गोंगाटात मला त्याचा आवाज आलाच नाही. फक्त कोनवर तळवा धरला तेव्हा तो थरथरतोय हे कळलं.

घरी आणून लावला. ट्यूब तापून आवाज यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात माझ्या पोटात गोळा आला. मग आला. व्हॉल्यूम चारच्या पुढे नेला की फाटतो, आणि तो फाटावा म्हणूनच घेतला आहे. व्हॉल्यूमचा पॉट फिरवताना खरखर करतो. क्लीनर मागवलाय, त्याने गेलं नाही तर पॉट बदलेन. पेन्सिल आधीच शोधून ठेवली आहे.