मोटारसायकल, पाना आणि प्रयोगवही

जुनी मोटारसायकल हौसेने विकत घेतलेल्या माणसाच्या घरी रविवारी सकाळी गेलात, तर तो बहुधा अंगणात उकिडवा बसलेला सापडेल. समोर वर्तमानपत्रावर सुटे भाग मांडलेले, वाटीत थोडे पेट्रोल आणि हातात दात घासायचा जुना ब्रश. गाडी येझदी असो, राजदूत असो की बुलेट, दृश्य एकच. घरची माणसे याला नसती उठाठेव म्हणतात. या उठाठेवीत विचार करायला शिकवण्याचे सामर्थ्य आहे, असे ज्या पुस्तकाने आग्रहाने मांडले, त्याचे मोजमाप शिक्षकाच्या फूटपट्टीने करून पाहावे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

पुस्तकाचे नाव ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. लेखक रॉबर्ट पर्सिग (१९२८–२०१७). १२१ प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि लाखो लोकांनी वाचले. पर्सिग हे काही काळ अमेरिकेतील माँटाना राज्यातील बोझमन येथे महाविद्यालयात लेखनकला शिकवत. त्याआधी त्यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यासही केला होता. १९६८ साली आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून त्यांनी मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला. गाडी होती होंडाची ३०५ सीसीची, २७,००० मैलांहून अधिक धावलेली. पुस्तकाला या प्रवासाचा आधार आहे. झेन पंथाची किंवा मोटारसायकलची माहिती मिळवण्यासाठी या पुस्तकावर विसंबू नये, असे लेखकाने आरंभीच बजावले आहे. तेव्हा हे दुरुस्तीचे मार्गदर्शक नव्हे.

मग शिक्षकांनी ते का वाचावे? त्यातला एक प्रसंग पाहा. आधीच्या एका सहलीत भर पावसात गाडी बंद पडली. लेखकाने गाडी हलवून पाहिली. टाकीत पेट्रोल डचमळल्याचा आवाज आला. म्हणजे पेट्रोल आहे. मग प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, सगळे तपासून झाले. किका मारून पाय दुखले, पण गाडी काही सुरू होईना. सहल गुंडाळावी लागली. पुढे काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की गाडी फक्त रिझर्व्हला लागली होती! जुन्या गाड्यांच्या टाकीत पेट्रोल घेणाऱ्या दोन नळ्या असतात, एक उंच आणि एक तळाशी. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेले की कॉक फिरवून तळातले पेट्रोल घ्यावे लागते. डचमळत होते ते हे तळातले पेट्रोल. पाऊस पडत होता, म्हणून दोष पावसाचाच, असे लेखकाने गृहीत धरले होते.

विज्ञान शिकवणाऱ्याने हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा. निरीक्षण खरे होते, आवाजही खरा होता. चुकले ते अनुमान. ‘टाकीत पेट्रोल आहे’ आणि ‘इंजिनाला पेट्रोल पोहोचते आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे ध्यानात आले नाही. शिवाय दोन घटना एकाच वेळी घडल्या, एवढ्यावरून त्यांत कार्यकारण मानले गेले.

पुढे पर्सिग अवघड दुरुस्तीसाठी वही घालायला सांगतात. तिच्यात सहा गोष्टी लिहायच्या: प्रश्न, संभाव्य कारणे, प्रत्येक कारण तपासणारा प्रयोग, अपेक्षित निष्कर्ष, प्रत्यक्ष निरीक्षण आणि शेवटी अनुमान. प्रश्न लिहिताना घाई करायची नाही. ‘विजेच्या यंत्रणेत काय बिघडले?’ असे लिहिले, तर दोष विजेतच आहे हे आधीच ठरवून टाकले. लिहायचे एवढेच की ‘गाडी का चालत नाही?’. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली आणि ठिणगी दिसली नाही, तर वीज येत नसेल किंवा प्रयोगच नीट केला नसेल. म्हणून प्लग पुनःपुन्हा लावून पाहायचा. अपेक्षेविरुद्ध उत्तर आले म्हणून प्रयोग फसत नाही. ज्यातून काहीच सिद्ध होत नाही, तो प्रयोग फसला.

आता आपल्या प्रयोगवहीची आठवण करा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे सगळे रकाने तिच्यात आहेत. नाही तो प्रश्न. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ च्या जवळ यायला हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. मग तो आकडे हवे तसे वळवून घेतो आणि आपण त्यावर ‘बरोबर’ची खूण करतो. बंद गाडीपाशी ही सोय नसते. अनुमान चुकले तर गाडी सुरू होत नाही, आणि वहीत काहीही लिहिले तरी होत नाही. आमच्या मते जुन्या यंत्राचे सर्वांत मोठे शैक्षणिक मूल्य हे आहे.

पदार्थविज्ञान आणि रसायनाचे धडेही पुस्तकात सहज येतात. उंच प्रदेशात हवा विरळ असते. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. मग मिश्रणात पेट्रोलाचे प्रमाण वाढते, ज्वलन अपुरे होते आणि प्लगवर काजळी धरते. प्लगच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखायची ती अशी. बरोबरच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल झाले, तेव्हा बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी खाली घाल, असे लेखकाने सुचवले. अॅल्युमिनिअम मऊ असते आणि त्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे ते पावसात पुढे गंजत नाही. उपाय उत्तम होता. मित्राला मात्र तो अपमान वाटला. वस्तूचा गुणधर्म पाहायचा की तिचे मोल, हा प्रश्न इथे लेखकाने नेमका पकडला आहे.

शिक्षकांनी थांबून वाचावी अशी आणखी एक हकीकत आहे. बोझमनला असताना लेखकाने एका सत्रात विद्यार्थ्यांना श्रेणी कळवणेच बंद केले. सत्राअखेरीस मत विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थी या पद्धतीच्या विरोधात होते. उत्तम विद्यार्थी दोनास एक या प्रमाणात बाजूने होते आणि सर्वांत मागे पडणारे एकजात विरोधात होते. परीक्षा नको असे म्हणणाऱ्यांनी आणि परीक्षेवाचून चालणार नाही असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही यावर विचार करावा.

येथवर पुस्तकाची बाजू झाली. आता आमचा आक्षेप. एकदा लेखकाची गाडी गॅरेजात गेली. तिथल्या तरुण कारागिरांनी रेडिओच्या तालावर काम केले, छिन्नी-हातोडी चालवून झाकणे मोडली आणि खरा दोष त्यांना सापडलाच नाही. पुढे तो लेखकाला सापडला. तेल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतली एक क्षुल्लक किमतीची पिन तुटली होती. लेखकाचा निवाडा असा की ही मुले स्वतःच्याच कामाकडे प्रेक्षकासारखी पाहत होती. निवाडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यांना शिकवले कोणी, दिवसाला किती गाड्या उरकाव्या लागत, पगार काय होता, हे लेखक विचारत नाही. ज्याची गाडी हौसेची आहे, त्याच्याकडे वही लिहायला रविवार असतो. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याला गिऱ्हाईक खोळंबलेले दिसते. लेखक एका म्हाताऱ्या वेल्डरचे कौतुक करतो, चेनच्या आवरणाचा पातळ पत्रा न जाळता सांधणाऱ्या त्याच्या हाताला दाद देतो, हे नमूद केले पाहिजे. पण त्या हातामागचे शिक्षण तिथेही अज्ञातच राहते. आपल्या वर्गातून गळालेली मुले गॅरेजात जातात आणि काही वर्षांत आवाजावरून टॅपेटचा दोष सांगतात. त्यांच्या या ज्ञानाला प्रयोगवहीत जागा कशी द्यायची, हा आपला प्रश्न आहे. पुस्तकात त्याचे उत्तर नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सबंध प्रवासभर लेखक मनातल्या मनात व्याख्याने देतो. इंजिनातला बारीकसा खडखडाट त्याला लगेच ऐकू येतो. मागे बसलेल्या ख्रिसचे पोट दुखते, तो रडतो, रुसतो. ते मात्र त्याला उशिरा ऐकू येते. वडिलांना पूर्वी मानसिक आजार झाला होता, विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते, आणि मुलाला त्या काळाची भीती आहे. शेवटच्या भागात कळते की इतके दिवस त्या मुलाला समोर फक्त वडिलांची पाठ दिसत होती. तो पावठ्यांवर उभा राहून त्यांच्या खांद्यावरून पाहतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा रस्ता दिसतो. ख्रिसचा १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत खून झाला. नंतरच्या आवृत्तीत लेखकाने त्यावर लिहिले आहे, आणि ते वाचल्यावर पुस्तकातली ही पाठ विसरता येत नाही. लेखकाने स्वतःची चूक झाकली नाही, हे या पुस्तकाचे मोठेपण. पण ज्याने यंत्राकडे लक्ष देण्यावर शेकडो पाने लिहिली, त्याला मागे वळून पाहायला इतका वेळ लागावा, हे आम्हां शिक्षकांना चटका लावणारे आहे. फळ्याकडे तोंड करून आपणही बराच वेळ शिकवतो.

आता थोडे व्यवहाराचे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर बहुतेक गेला. दोष आता संगणकीय उपकरण सांगते. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे योग्यच झाले. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या तेलमिश्रित धूर सोडत, हे हौशी माणसाने विसरू नये. पण कारण डोळ्यांना दिसावे, हाताला लागावे, असे यंत्र शिकवायला हवे असेल, तर एखादी जुनी गाडी अजून उपयोगी आहे. ती मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, मोठ्यांच्या देखरेखीखाली उघडावी. पुस्तकाच्या शेवटी दोघे हेल्मेट काढून गाडी चालवतात. त्याचे अनुकरण अर्थातच करू नये.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि मधली तत्त्वचर्चा लांबते. ती पहिल्या वाचनात ओलांडून गेलात तरी चालेल. पण पावसातला प्रसंग, वहीचे सहा भाग आणि शेवटची पाने वाचा. मग शाळेच्या आवारात एक जुनी गाडी आणा, मुलांना तिच्याभोवती बसवा आणि फळ्यावर प्रश्न लिहा: ‘गाडी का चालत नाही?’. उत्तर आपल्याला आधीच माहीत नसेल, तर अधिक चांगले. फक्त अधूनमधून मान वर करून पाहावे, सगळ्यांत मागे बसलेल्या मुलाला इंजिन दिसते आहे, की नुसती आपली पाठ.